पुसलेलं पाप

माझा भाऊ बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वायूने गेला. त्याला उतरायला सांगणारा माणूस आमच्याच चर्चचा पंच होता आणि आम्ही त्याला काका म्हणत होतो. पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दुसरी आजवर कुणी चारचौघांत मान्य केलेली नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. पप्पा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बडोद्याला आले ते या काकांच्या मागोमाग. काका त्याच गावचे, दूरच्या नात्यातले. आधी येऊन कारखान्यात शिफ्ट इनचार्ज झाले होते. त्यांनी पप्पांना ऑपरेटर म्हणून लावलं, सुभानपुऱ्यात भाड्याची खोली शोधून दिली. आईला गुजराती येत नव्हतं, तर काकी रोज तिच्याबरोबर भाजीच्या लारीपर्यंत, म्हणजे हातगाडीपर्यंत, जायच्या आणि तिच्या वतीने भांडायच्या. नाताळच्या करंज्या दोन्ही घरांच्या मिळून त्यांच्या ओट्यावर व्हायच्या. भावाच्या बाप्तिस्म्याला त्याला दुपट्यात गुंडाळून पाळकांच्या हातात दिलं ते काकांनी. एवढं सगळं आधी सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, वाईट माणसापासून लांब राहायला हवं होतं. तो वाईट माणूस नव्हता. आमच्यासाठी इतकं कुणीच केलेलं नव्हतं.

आमचं चर्च म्हणजे खरं तर गुजराती मंडळीचं चर्च. सकाळी त्यांची उपासना व्हायची आणि ती सुटली की आमची मराठी. ते बाहेर पडायचे, आम्ही आत शिरायचो, बाक त्यांच्या बसण्याने अजून गरम असायचे. पप्पा मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "नरकात किती गरम असतं?" पप्पा म्हणाले, "बॉयलरपाशी उभा राहिलो की मला पुरे होतं बाई. त्यापुढचं मला ठाऊक नाही." नरक ते कधी शिकवायचेच नाहीत. शिकवायचे तो न्यायाचा दिवस. त्या दिवशी सगळं उघड बोललं जाईल, म्हणायचे. कोपऱ्यात केलेलं, दार लावून केलेलं, सगळं. आणि सगळ्यांसमोर. आम्हा मुलांना त्याचीच जास्त भीती वाटायची.

भाऊ डिप्लोमा करून घरी बसला होता. काकांनी त्यालाही कारखान्यात घेतलं, मेंटेनन्समध्ये. पप्पांनी त्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून काकांच्या नावाने देवाचे आभार मानले होते.

टाकी साफ करायची तर आधी ब्लोअर लावून आत हवा सोडायची असते, आत वायू उरला नाही ना हे तपासायचं असतं, मग उतरणाऱ्याच्या तोंडावर हवेच्या नळीचा मास्क आणि वर एक माणूस दोर धरून उभा. हे पप्पा आम्हाला जेवताना सांगायचे, तेव्हापासून मला पाठ आहे. त्या दिवशी पुढचा माल काढायची घाई होती. भाऊ नाकाला फडकं बांधून उतरला. वर उभ्या असलेल्या एका कामगाराने आतून आवाज येईना म्हणून दोर ओढला, तेव्हा भाऊ बेशुद्ध होता.

हॉस्पिटलमध्ये तो काही दिवस जगला. श्वास घेताना त्याची छाती खोक्यासारखी वाजायची. एका सकाळी तो नीट शुद्धीवर आला. आई खाली चहा आणायला गेली होती, पप्पा आणि मी जवळ होतो. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "मी म्हटलं, ब्लोअर लावू द्या. काका म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, उतर." मग पुन्हा मास्क लावून घेतला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेतून आल्यावर आज काय झालं ते सांगायचा, तसं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

शवपेटीला पुढचा खांदा काकांनी दिला. ते रडत होते. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

चौकशी झाली तेव्हा काकांनी सांगितलं, "मी नको म्हणत होतो. तरुण रक्त, ऐकलं नाही." दोर ओढणारा कामगार म्हणाला, मी नंतर आलो, मला काही माहीत नाही. पप्पांनी मुलाने सांगितलेलं सांगितलं. चौकशी करणारा गुजराती साहेब सभ्य होता. पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वडील, तुम्ही बाप छो. तुम्हाला असंच वाटणार." आणि ठरलं की भावाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने अपघात झाला.

पप्पा एकदाच काकांच्या घरी गेले. मी बरोबर होते. काका दारातच भेटले.

"आत ये, पाणी घे," ते म्हणाले.

"पाणी नको. खरं काय ते सांग."

काकांनी मागे वळून पाहिलं. आत काकी कुकर लावत होत्या. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरीचं लग्न ठरलंय. नोकरीची शेवटची वर्षं आहेत. तो तर गेला. आता मी आत गेलो तर तुला काय मिळणार आहे?"

पप्पा मागे वळले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. आयुष्यात मी त्यांना कठडा धरताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर वर्षानुवर्षं पप्पा त्याच कारखान्यात, त्याच माणसाच्या हाताखाली काम करत राहिले. कंपनीच्या त्याच बसने जायचे-यायचे. दुसरी नोकरी त्या वयात मिळणार नव्हती. बडोद्याच्या मराठी लोकांत ख्रिस्ती आम्ही मोजके, त्यामुळे बाहेरच्या कुणाला यात रस नव्हता. मंडळीत सगळ्यांना कुजबूज ठाऊक होती, पण काका चर्चसाठी धावणारे, आणि आमची बाजू घ्यायची तर त्यांच्याविरुद्ध उभं राहायला लागणार. लोकांनी मधला मार्ग काढला. दोघांनाही तितक्याच प्रेमाने आमचा ख्रिस्ती नमस्कार, "सलाम", म्हणायचे.

प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचं ताट पंच फिरवतात. काका ताट घेऊन आमच्या बाकापाशी आले की पप्पा ते पुढच्याकडे सरकवायचे, स्वतः घ्यायचे नाहीत. आणि सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणत असताना, जिथे आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर असं म्हणायचं असतं, तेवढ्या ओळीला पप्पा गप्प व्हायचे. पुढच्या ओळीला पुन्हा त्यांचा आवाज यायचा. मी शेजारी बसायची म्हणून मला कळायचं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "केली नाही तर केली कशी म्हणू? देवाशी खोटं बोलायचं?"

मी लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि इथे नकोत. कारेलीबागेतल्या एका शाळेत शिकवत होते, संध्याकाळी घरी आले की पप्पांशी बोलायची. एकदा मी चिडून म्हटलं, "असल्या चर्चमध्ये तुम्ही जाताच कशाला?"

"न्यायाचा दिवस आहे म्हणून जातो," ते म्हणाले. "त्याला जळताना बघायचं नाही मला. तो आपल्या गावचा आहे. मला फक्त सगळ्यांसमोर त्याला विचारलेलं ऐकायचंय, की या मुलाला उतर कोण म्हणालं? आणि तो म्हणेल, मी. बस. मग त्याला कुठं न्यायचं तिथं नेऊ देत."

माझ्या बापाची देवाकडे एवढीच मागणी होती. मला वाटायचं, एवढी लहान मागणी कोण नाकारेल?

काका निवृत्त झाले, त्यांच्या मुलीचं लग्न झालं, नातवंडं झाली, आणि मग त्यांच्या लिव्हरला रोग झाला. मंडळीत रोज त्यांच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या. त्याच सुमारास आमच्याकडे एक तरुण पाळक आले होते. मनाने चांगले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारे. एका शनिवारी ते स्कूटरवरून घरी आले आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. आईने चहा ठेवला.

"एक जड काम घेऊन आलोय," ते पप्पांना म्हणाले. "त्यांनी माझ्यापाशी सगळं कबूल केलंय. तुमच्या मुलाचं. रडून रडून पश्चात्ताप केला. मी आयुष्यात असा पश्चात्ताप पाहिला नाही."

आईच्या हातातली गाळणी ओट्यावर पडली.

"त्यांना तुमची माफी हवीय. तुम्ही एकदा भेटायला चला."

पप्पा म्हणाले, "येतो. पण त्याने आधी रविवारी मंडळीसमोर सांगावं. त्याला उभं राहवत नसेल तर तुम्ही त्याच्या नावाने सांगा. मी तिथंच त्याला माफ करीन आणि घरी जाऊन त्याचे पाय चेपीन."

पाळकसाहेब खाली बघू लागले. "ते तयार नाहीत. घरच्यांना माहीत नाही, जावयाला माहीत नाही. आणि खरं सांगू का, त्याची आता गरजही नाही. देवाने त्यांना माफ केलंय."

"माफ केलंय?"

"मनापासून पश्चात्ताप केला की पाप पुसलं जातं. देव ते पुन्हा आठवत नाही. आपलं तारणच त्यावर उभं आहे."

"आठवत नाही म्हणजे?" पप्पा पुढे सरकले. "न्यायाच्या दिवशी?"

"त्या दिवशीही नाही. ते झालंच नाही असं."

"म्हणजे त्या दिवशीसुद्धा माझ्या मुलाचं नाव निघणार नाही?"

पाळकसाहेबांना प्रश्न कळला. त्यांचा चेहरा उतरला. पण ते जे शिकले होते तेच बोलले. "तुमचा मुलगा प्रभूपाशी आनंदात आहे. त्याला आता त्या गोष्टीची आठवण नको असेल."

"मला आहे ना," पप्पा म्हणाले. "देवाने माफ केलं असेल तर माझी माफी कशाला हवीय त्याला? वरचं काम तर झालंय."

"ती त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी हवीय," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "जो माफ करत नाही त्याला माफी मिळत नाही. मला तुमची काळजी वाटते."

मी दारात उभी होते. मला आठवतं, मला हसू आलं होतं. ज्याने मुलाला मारलं त्याची काळजी मिटली होती आणि ज्याचा मुलगा मेला त्याची काळजी करायला माणूस घरी आला होता. आईने चहाचे कप आणून ठेवले. पाळकसाहेबांनी एक घोट घेतला आणि निघाले.

पप्पा गेले नाहीत. काका पुढच्या महिन्यात गेले. दफनाला चर्च भरलं होतं, कारखान्यातले गुजराती साहेब लोकही आले होते. पप्पा, आई, मी मागच्या बाकावर बसलो, कारण न जाणं म्हणजे वेगळीच चर्चा. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की या बंधूंनी शेवटच्या दिवसांत आपलं अंतःकरण प्रभूसमोर रितं केलं, आणि आज ते सुखलोकात आहेत याविषयी माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. लोकांनी "आमेन" म्हटलं. त्या अंतःकरणातून काय रितं झालं ते त्या गर्दीत आम्हालाच ठाऊक होतं. काकींना ठाऊक होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

त्या दिवसानंतर पप्पांचं काहीतरी सुटलं. इतकी वर्षं ते कशावर तरी टेकून उभे होते आणि ते कुणीतरी काढून नेलं. पूर्वी चहाबरोबर पवित्र शास्त्र वाचायचे, ते बंद झालं. रविवारी तयार होऊन बसायचे आणि आम्ही निघालो की म्हणायचे, तुम्ही जा, माझे पाय दुखतात. साखर वाढली, मग किडनीचं सुरू झालं. डायलिसिसला मी त्यांना रिक्षाने न्यायची. एकदा वाटेत म्हणाले, "लहान मुलांना मी खोटं शिकवलं."

"काय खोटं?"

"सगळं उघड होणार म्हणून."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. रिक्षावाल्याने जोरात हॉर्न दिला आणि ते राहिलं.

शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. छोटीशी पेटी, त्यात भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाची बाटली. पप्पांच्या उशाशी बसून त्यांनी हात हातात घेतला. "आता तरी मनातलं काढून टाका. एवढंच म्हणा, मी त्याला माफ केलं. मग आपण प्रभुभोजन घेऊ."

पप्पांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द नीट होते. "तुम्ही त्याला विचारलं होतं का, की आधी सगळ्यांसमोर सांग, मग प्रभुभोजन देतो?"

पाळकसाहेब पेटीकडे बघू लागले.

"मग मला का अट?"

आई पायाशी बसून रडत होती. "म्हणून टाका ना," ती म्हणाली. "दोन शब्द आहेत. माझ्यासाठी म्हणा."

पप्पांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली, पेटी बंद केली आणि ती तशीच परत घेऊन गेले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले नाही.

पप्पा एका दुपारी गेले, शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. कबरस्तानात जागेची चणचण, म्हणून जी मिळाली ती काकांच्याच ओळीत मिळाली, मधे दोन कबरी सोडून. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी देवाच्या अगम्य मार्गांविषयी सांगितलं. म्हणाले, कोण कुठे आहे हे आपण ठरवू नये, न्याय करणारा तो एकच. सुखलोक हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी मुद्दाम ऐकत होते. आईही ऐकत होती.

मातीहून घरी आल्यावर आईने आंघोळ केली, केस पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "तुझे पप्पा कुठे असतील?"

"स्वर्गात," मी म्हटलं. "दुसरं कुठे?"

"त्यांनी भाकरी घेतली नाही."

त्यानंतर हा प्रश्न आमच्या घरात राहायलाच आला. मेथी निवडताना, भांडी पुसताना, टेरेसवर वाळवणं उलटताना ती मधेच थांबायची आणि विचारायची. तिला खरंच आग दिसत होती. लहानपणी गावच्या चर्चमध्ये कुणी प्रवचनात रंगवून सांगितलेली आग, जी पप्पांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती, ती तिच्या डोक्यात इतकी वर्षं पडून होती. पप्पांच्या पायाला साखरेने जखमा होत्या. ती म्हणायची, "ते पाय घेऊन त्यांना कसं सोसवेल गं?"

ती जेवेनाशी झाली तेव्हा मी पाळकसाहेबांना गाठलं. उपासनेनंतर ते बाकांवरची गायनांची पुस्तकं गोळा करत होते.

"आईला एवढं सांगा की पप्पा प्रभूपाशी आहेत," मी म्हटलं. "एवढं एक वाक्य."

"मी आशा धरतो," ते म्हणाले. "आपण सगळे आशा धरू."

"काकांच्या वेळी तुम्हाला खात्री होती. पप्पांच्या वेळी आशा?"

त्यांनी पुस्तकं खाली ठेवली. "ताई, नियम मी केलेले नाहीत. मला खोटं सांगता येणार नाही."

"पप्पांनाही येत नव्हतं," मी म्हटलं. "तेवढ्यासाठीच तर त्यांनी ते दोन शब्द म्हटले नाहीत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला तेव्हा जाणवलं की मी या माणसाचा द्वेष करते, काकांचा केला नव्हता तितका. काकांनी भ्याडपणा केला, तो मी समजू शकते. हा माणूस भला होता, आणि त्याच्या भलेपणाच्या आधाराने काका सुटून गेले आणि माझे वडील अडकले.

पुढच्या वर्षी चर्चमध्ये काकांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी बसवायचं ठरलं, दाराशेजारच्या भिंतीवर. त्यांच्या जावयाने पुढाकार घेतला. पाटी बसवण्याच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "ज्यांना या बंधूंविषयी दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी यावं." तरुण संघाचा एकजण बोलला, काकांनी त्याला कॉलेजात प्रवेश मिळवून दिला होता. एक बाई बोलल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, "आणखी कुणी?"

आई उठली. मला वाटलं बाथरूमला जायचं असेल म्हणून मी वाट करून दिली. ती मधल्या वाटेने सरळ पुढे गेली. माइक तिच्या तोंडाच्या वर होता, तिने तो खाली ओढला.

"मी यांच्यामुळे बडोद्याला आले," ती म्हणाली. "यांनी आम्हाला खोली दिली, नोकरी दिली. यांच्या घरचं मी खूप खाल्लंय." लोक माना हलवत होते. "माझ्या मुलाला टाकीत उतर हे यांनी सांगितलं. मुलाने मरायच्या आधी त्याच्या बापाला आणि बहिणीला सांगितलं. यांनी पाळकसाहेबांपाशी कबूल केलं. साहेबांनी ते आमच्या घरी येऊन सांगितलं. साहेब, सांगितलं की नाही?"

पाळकसाहेब उभे राहिले, त्यांचे ओठ हलले. काकी पहिल्या बाकावर होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"सांगितलं की नाही?" आईने पुन्हा विचारलं.

जावई उठला. "आ शुं छे? हे काय चाललंय? कुणीतरी यांना बसवा." तेवढ्यात हार्मोनियमवाल्याला कुणीतरी खूण केली आणि गायन सुरू झालं. सगळे उभे राहिले, कारण गायन सुरू झालं की उभं राहायचंच असतं. आई माइकपाशी तशीच उभी राहिली, हात पोटाशी जोडून. तिसऱ्या कडव्याला ती परत आली आणि माझ्या शेजारी बसली. सगळे उभे असताना ती एकटी बसलेली होती.

बाहेर स्कूटर काढत असताना एक वयस्कर माणूस जवळ आला. ओळख पटायला वेळ लागला. टाकीवर दोर ओढणारा तो कामगार होता. तोही मराठी, आमच्याच मंडळीतला, पण त्या प्रकारानंतर कायम दुसऱ्या टोकाला बसणारा. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोललात ते खरंय. मी तिथंच होतो. मी ऐकलं होतं."

"अजून सगळे आत चहा घेतायत," आई म्हणाली. "चल, आत येऊन सांग."

"आता काय उपयोग, वहिनी? माझा मुलगा तिथंच कामाला आहे."

"बरं," आई म्हणाली आणि माझ्या मागे स्कूटरवर बसली.

घरी येऊन तिने खिचडी टाकली, कढी केली आणि पोटभर जेवली. कितीतरी महिन्यांनी. मला वाटलं, आता तिला शांती मिळाली असेल. तसं झालं नाही. दोन-तीन आठवड्यांनी तिने मला पुन्हा विचारलं, "तुझे पप्पा कुठे असतील?" फक्त आता तिच्या आवाजात भीती नव्हती, राग होता. उत्तराची वाट न बघता म्हणाली, "आणि तो जर तिकडे वर बसला असेल ना, तर मला तिकडे जायचं नाही. मला जिथं तुझे पप्पा आहेत तिथं ठेव म्हणावं. आग तर आग."

महिला मंडळाच्या प्रार्थना आमच्या घरी व्हायच्या बंद झाल्या. पाटी लागली. त्यावर विश्वासू सेवक असं लिहिलं आहे. पाळकसाहेबांची बदली झाली; जायच्या आधी ते भेटायला आले नाहीत, पण मोबाइलवर त्यांचा मेसेज आला की मी रोज तुमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करतो. मी उत्तर दिलं नाही. तो माणूस खरंच करत असणार याची मला खात्री आहे, आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

नवे पाळक आले तेव्हा ओळखीसाठी घरोघरी फिरत होते. आमच्याकडेही आले. वयाने मोठे, थोडे थकलेले. बसल्यावर त्यांनी विचारलं, "आजी, काही प्रार्थनेचा विषय आहे का?"

आईने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. खोली, नोकरी, करंज्या, टाकी, दोर, चौकशी, कबुली, भाकरीची पेटी. तिने काही गाळलं नाही आणि काही चढवून सांगितलं नाही. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "आता यात मी काय करू शकतो, आजी?"

"काही नाही," आई म्हणाली. "तुम्ही पण ऐकलेलं असावं, एवढंच."

त्यांनी डोळे मिटून प्रार्थनेसाठी हात जोडले. आईने जोडले नाहीत. ती उठली आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.